गिऱ्हाइकाचा नंबर म्हणजे ठेव: छोट्या दुकानासाठी माहिती जपायचे आणि वागण्याचे नियम



ग्राहकांची यादी कशी तयार करायची, यावर आपण व्हिडिओ केला होता. तो बघून बॅचमध्ये जे प्रश्न आले ते सगळे एकाच बाजूचे होते. नंबर जास्त कसे मिळवायचे? ऑफर आठवड्यातून किती वेळा टाकायची? कोणाकडून तयार यादी विकत मिळते का? पण "मिळालेला नंबर सांभाळायचा कसा?" हे एकानेही विचारलं नाही. म्हणून आज त्याबद्दल सविस्तर.

आधी मूळ मुद्दा. गिऱ्हाईक आपल्याला नंबर देतं तेव्हा तो आपल्या मालकीचा होत नाही. शेजारच्या काकू गावाला जाताना घराची किल्ली आपल्याकडे ठेवून जातात, तसाच तो नंबर असतो. झाडांना पाणी घालायला किल्ली दिली, म्हणून आपण त्यांच्या घरात आपले पाहुणे उतरवत नाही. ब्लाऊज शिवून झाला की फोन करा म्हणून नंबर दिला असेल, तर तो त्याच कामासाठी वापरायचा. दुसऱ्या कामासाठी वापरायचा असेल तर आधी विचारायचं. आजचा लेख एवढाच आहे, पण रोजच्या धंद्यात हे पाळायचं कसं ते नीट बघू.

आधी मोजा, तुमच्याकडे किती माहिती आहे

"मॅडम, माझं छोटंसं दुकान, माझ्याकडे कसला आलाय डेटा?" हे मी दर बॅचला ऐकते. माझं स्वतःचं मॅचिंग सेंटर आणि ब्लाऊज शिलाईचं दुकान आहे, तर तिथलंच उदाहरण घ्या.

मापाच्या वहीत बायकांची नावं, नंबर आणि अंगाची मापं असतात. उधारीच्या वहीत कोणाच्या घरी महिनाअखेरीला ओढाताण असते ते दिसतं. यूपीआयच्या ॲपमध्ये कोणी किती पैसे दिले ते नावासकट असतं. व्हॉट्सॲपवर लोकांनी पाठवलेले घरातले फोटो, पत्ते, लोकेशन असतात. सीसीटीव्हीत कोण कोणाबरोबर किती वाजता आलं ते असतं.

आता तुमच्या धंद्याकडे वळा. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, दहावीची मार्कशीट, कोर्टाचे कागद पडलेले असतात. मेडिकलवाल्याला कोणाला कसली गोळी चालू आहे ते माहीत असतं. डबेवाल्या ताईला कोणतं घर दुपारी बंद असतं ते माहीत असतं. ब्युटी पार्लरमध्ये तर बायका मनातलंही बोलतात.

म्हणजे छोट्या दुकानदाराकडे माहिती कमी नसते. बँकेला तुमचं खातं माहीत असतं, पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तुमचं घर माहीत असतं.

निष्काळजीपणाची किंमत कोण मोजतं?

आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी सांगितलेला अनुभव. त्यांच्या मुलीने एका दुकानात लकी ड्रॉच्या वहीत नाव आणि नंबर लिहिला. वही काउंटरवर उघडीच, वर पेन दोऱ्याने बांधलेला. पुढच्या माणसाला आधीची सगळी पानं दिसत होती. दोन दिवसांनी मुलीला अनोळखी नंबरवरून रात्री मेसेज यायला लागले. नंबर कुठून मिळाला हे विचारल्यावर समोरच्याने दुकानाचं नाव सांगितलं. मुलीने सिमकार्ड बदललं. कॉलेज, बँक, मैत्रिणी, सगळीकडे नवा नंबर कळवत बसावं लागलं. दुकानदाराने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. त्याने फक्त वही उघडी ठेवली होती.

मुद्दाम करणारेही असतात. २०१७ साली उत्तर प्रदेशातून बातमी आली होती की काही मोबाईल रिचार्जच्या दुकानांतून रिचार्जला आलेल्या मुलींचे नंबर पैसे घेऊन विकले जात होते. रिचार्ज करायला नंबर सांगावाच लागतो, आणि त्याच गरजेचा फायदा घेतला गेला.

दुसरा प्रकार उधारीचा. एका किराणा दुकानदाराने गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीदारांची यादी टाकली. नावं आणि रकमा, सगळं. त्याला वाटलं, लाजेने तरी पैसे येतील. काहींनी दिलेही. पण त्या दिवसापासून ती घरं दुसऱ्या दुकानात जायला लागली, आणि ज्यांचं नाव यादीत नव्हतं तीही बिचकली. उद्या आपल्यावर वेळ आली तर आपलंही नाव असंच चव्हाट्यावर येईल, हे प्रत्येकाला दिसलं होतं. थकलेल्या रकमेपेक्षा गेलेलं गिऱ्हाईक महाग पडतं, हा हिशोब कोणालाही कळेल.

कायदा काय म्हणतो? थोडक्यात

घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण माहीत हवं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या खंडपीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती घेणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. म्हणजे तयारीला वेळ आहे, पण फार नाही.

या कायद्यातल्या चार गोष्टी दुकानदाराने लक्षात ठेवाव्यात.

एक, माहिती घेताना ती कशासाठी घेताय ते साध्या भाषेत सांगायचं. ही सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत मागण्याची सोय ग्राहकाला आहे, आणि त्यात आपली मराठी आहेच.

दोन, दिलेली परवानगी ग्राहक परत घेऊ शकतो. काम संपलं किंवा परवानगी काढून घेतली, की माहिती पुसायची. दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवावी लागत असेल तर गोष्ट वेगळी.

तीन, १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. क्लासेस, पाळणाघर, डान्सचे वर्ग चालवणाऱ्यांनी हे ठळक लिहून ठेवा.

चार, माहितीच्या सुरक्षेची काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ही वरची मर्यादा आहे. चूक किती मोठी, किती गंभीर हे बघून दंड ठरतो. त्यामुळे आकडा बघून झोप उडवून घेऊ नका, पण "आपल्याला कोण विचारतंय" असंही समजू नका.

हा कायदा डिजिटल माहितीसाठी आहे, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरमधली, किंवा कागदावर घेऊन नंतर त्यात भरलेली. मग नुसत्या कागदी वहीचं काय? तिथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला सांगणं, ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

माहितीचे सात नियम

*१. लागतं तेवढंच घ्या.* बिल करताना नंबर मागायची सवय आपण मोठ्या शोरूमकडून उचलली. पण मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेच किरकोळ विक्रेत्यांना सांगितलं की मोबाईल नंबर दिला नाही म्हणून ग्राहकाला अडवू नका. जीएसटीचं बघितलं तर दुकानातल्या साध्या काउंटर विक्रीत, नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं बिल ५०,००० रुपयांच्या आत असेल तर बिलावर नाव-पत्ता लिहायची सक्ती नाही. मग २०० रुपयांच्या अस्तराला जन्मतारीख कशाला विचारायची? प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: हे नसेल तर माझं काम अडेल का? अडत नसेल तर रकाना काढून टाका.

*२. कामाची परवानगी वेगळी, ऑफरची वेगळी.* माझ्या पावतीपुस्तकात खाली दोन चौकोन छापून घेतलेत: "काम झाल्यावर फोन करा" आणि "नवीन माल आल्यावर मेसेज चालेल". काउंटरवरची मुलगी तोंडी विचारते आणि बरोबरची खूण करते. दुसरा चौकोन रिकामा राहिला तर तो नंबर ऑफरच्या यादीत जात नाही. छापखान्यात यासाठी वेगळा खर्च येत नाही, पुढचं पावतीपुस्तक छापताना फक्त एक ओळ वाढवायला सांगायची.

*३. वही बंद, स्क्रीन आपल्याकडे.* लकी ड्रॉ असो की अभिप्राय, उघड्या वहीऐवजी सुट्ट्या चिठ्ठ्या आणि बंद डबा ठेवा. नंबर मोठ्याने विचारायचा नाही, आणि ग्राहकाने सांगितलेला मोठ्याने परत म्हणायचा नाही. चिठ्ठी पुढे करायची, ते लिहून देतात. मापाची वही ड्रॉवरमध्ये. माप घेताना आकडे पलीकडे बसलेल्या मुलीला ओरडून सांगायची पद्धत बऱ्याच दुकानांत आहे. ती आजच बंद करा. पडदा लावायचा आणि आकडे स्वतः लिहायचे.

*४. ग्रुप नको, ब्रॉडकास्ट करा.* व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकलेल्या प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. म्हणजे ३०० गिऱ्हाइकांचा ग्रुप केला की तुम्ही ३०० जणांचे नंबर ३०० जणांना वाटलेत. ब्रॉडकास्टमध्ये मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, आणि हा तोटा नाही, फायदा आहे. ज्याला तुम्ही नको आहात त्याला तुमचा त्रास होत नाही, आणि कोणी ब्लॉक किंवा रिपोर्ट करत नाही. रिपोर्ट वाढले तर तुमचं खातंच बंद पडू शकतं, हे विसरू नका. गिऱ्हाईक जास्त असेल तर व्हॉट्सॲप चॅनल काढा, तिथेही फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

*५. फोटो विचारल्याशिवाय नाही.* केक, मेंदी, मेकअप, ब्लाऊज, रांगोळी, आपल्या सगळ्यांचा धंदा फोटोवर चालतो. पण वस्तूचा फोटो वेगळा आणि माणसाचा वेगळा. वाढदिवसाच्या केकवर मुलाचं नाव आणि वय असतं. लग्नाच्या मेंदीत नवऱ्याचं नाव असतं. ब्लाऊजच्या मागच्या डिझाईनचा फोटो म्हणजे एखाद्या बाईच्या पाठीचा फोटो असतो. "ताई, स्टेटसला टाकू का? चेहरा दिसणार नाही," एवढं विचारा आणि होकार मेसेजमध्ये घ्या. नाही म्हणाल्या तर हसून "काही हरकत नाही" म्हणा. डिझाईन दाखवायचंच असेल तर पुतळा आहेच की.

*६. काम झालं की पुसा.* झेरॉक्सवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. ग्राहकाने पाठवलेली आधारची फाईल प्रिंट झाली की त्याच्यासमोर डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. संध्याकाळी दुकान बंद करताना डाउनलोडचा फोल्डर रिकामा करा. बिघडलेल्या झेरॉक्स प्रती रद्दीत टाकायच्या नाहीत. त्याच कागदाच्या पुड्या होऊन भेळेच्या गाडीवर पोचतात. फाडून टाका. आणि एखाद्या कामाला आधार लागतच असेल तर मास्क्ड आधार चालतं का ते विचारा, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे ४ दिसतात. बिलं आणि हिशोबाची कागदपत्रं मात्र कायद्याने ठेवावीच लागतात. ती किती वर्षं ते तुमच्या सीएला विचारा आणि कुलुपात ठेवा.

*७. कामगाराला पहिल्या दिवशी सांगा.* दुकानातली माहिती बाहेर बोलायची नाही. गिऱ्हाइकाचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये घ्यायचा नाही. सगळे फोन आणि मेसेज दुकानाच्याच मोबाईलवरून. आणि काम सोडून कोणी गेलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून बघा. माणूस दुकान सोडून जातो, पण त्याच्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप तसंच चालू राहिलेलं असू शकतं. पासवर्ड आणि पिनही त्याच दिवशी बदला.

कॅमेऱ्याबद्दल वेगळं सांगते. गल्ला, दार आणि माल ठेवायची जागा, इथे कॅमेरा ठीक. "येथे सीसीटीव्ही आहे" अशी पाटी लावा. ट्रायल रूम, माप घ्यायची जागा, स्वच्छतागृह यांच्या दिशेला कॅमेऱ्याचं तोंडही नको. बाईचं खासगी क्षणी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला किमान १ वर्ष, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि वर दंड. फुटेज कोणालाही सहज दाखवायचं नाही. "आमचा मुलगा काल कोणाबरोबर आला होता, जरा दाखवा ना," असं ओळखीतले लोक येऊन म्हणतात. उत्तर ठरलेलं हवं: पोलिसांचं पत्र आणा.

उधारी मागायची, पण अब्रू ठेवून

उधारी ही आपल्याकडच्या धंद्याची खरी गोष्ट आहे. ती बंद करा म्हणून मी सांगणार नाही, पण मागायची पद्धत ठरवा.

ज्याने घेतली त्यालाच मागा. बायकोची उधारी नवऱ्याला सांगायची नाही, मुलाची आईबापाला नाही. बाईने नवऱ्याला न सांगता मुलीसाठी ड्रेस घेतला असेल, आणि तुमच्या एका फोनने तिच्या घरात काय होईल हे तुम्हाला माहीत नसतं. दुकानात चार माणसं असताना मागायचं नाही. स्टेटसवर, ग्रुपवर, फळ्यावर नाव लावायचं नाही. वेळेचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने कर्जवसुली करणाऱ्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नका असं सांगितलंय. आपण बँक नाही, तो नियम आपल्याला लागू नाही, पण तेवढी वेळ आपणही पाळायला काय हरकत आहे?

आणि उधारी देतानाच मर्यादा आणि तारीख बोलून घ्या. "ताई, हजारापर्यंत चालेल, पण ५ तारखेला मिटवायचं." सुरुवातीला स्पष्ट बोललेलं नंतरच्या वसुलीपेक्षा सोपं असतं.

आता तुमचं स्वतःचं काय?

इथपर्यंत गिऱ्हाइकाचं बघितलं. पण घरून धंदा करणाऱ्या माझ्या मैत्रिणींचा स्वतःचा खासगीपणा सगळ्यात आधी जातो. डबा, केक, मसाले, शिलाई. पॅम्प्लेटवर स्वतःचा नंबर, घराचा पत्ता, आणि त्याच नंबरच्या डीपीला मुलांचा फोटो. मग रात्री साडेअकराला "हाय" येतो. ऑर्डर असेल म्हणून उघडावं, तर ऑर्डर नसते.

हे करा:

धंद्याला वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. डीपीला दुकानाचा लोगो. कामाची वेळ भरून ठेवा आणि त्या वेळेनंतर आपोआप जाणारा मेसेज लावा: "दुकानाची वेळ सकाळी १० ते रात्री ८. आपल्या मेसेजला उद्या उत्तर देऊ."

यूपीआय आयडीमध्ये बऱ्याचदा आपला मोबाईल नंबरच असतो. ॲपमध्ये दुसरा आयडी करता येतो, तो करा आणि त्याचाच क्यूआर छापा.

गुगलवर धंदा नोंदवताना घराचा पत्ता लोकांना दाखवायलाच हवा असं नाही. तुम्ही घरपोच देत असाल तर पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात सेवा देता ते टाकता येतं. पार्सल न्यायला येणाऱ्यांना पत्ता ऑर्डर पक्की झाल्यावर द्या.

घाणेरडा मेसेज आला तर वाद घालू नका. स्क्रीनशॉट घ्या, ब्लॉक करा, आणि परत आला तर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. "धंदा करायचा म्हणजे एवढं सहन करायला लागतं," असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. धंदा म्हणजे माल आणि सेवा विकणं. त्रास सहन करणं त्यात येत नाही.

नियम भिंतीवर लावा

नियम डोक्यात असतील तर ते रोज बदलतात. ओळखीच्याला एक, नवीन माणसाला दुसरा. पाटी लावली की भांडण कमी होतं, कारण मग "तुम्ही असं का करता?" हा प्रश्न माणसाला नसतो, पाटीला असतो.

मात्र पाटीवर काहीही लिहून चालत नाही. "एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही" ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी पाटी. पण २०१९ च्या कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणून नियम करताना तो दोन्ही बाजूंना न्याय देणारा हवा.

नमुना देते. तुमच्या दुकानाप्रमाणे बदलून घ्या:

आमच्या दुकानाचे नियम
१. नंबर देणं आपल्या मर्जीवर आहे. न दिल्यास बिल अडणार नाही.
२. आपला नंबर आणि मापं आम्ही कोणालाही देत नाही.
३. विचारल्याशिवाय आपला फोटो वापरत नाही.
४. मेसेज नको असतील तर "नको" एवढंच पाठवा. त्याच दिवशी बंद करू.
५. सदोष माल बिल दाखवून बदलून किंवा पैसे परत मिळतील. मापाने कापलेलं कापड, दोष नसल्यास, परत घेतलं जात नाही.
६. शिलाईची तारीख पावतीवर. उशीर होणार असेल तर आम्ही आधी कळवू.
७. कर्मचाऱ्यांशी आदराने बोलावं. आम्हीही तसंच बोलू.

शेवटचा नियम मुद्दाम ठेवलाय. काउंटरवरच्या मुलीला "ए" म्हणून हाक मारणारा मोठा गिऱ्हाईक असला तरी त्याला शांतपणे पाटी दाखवायची. मालक आपल्या मागे उभा आहे हे कळलं की कामगारही दुकानाची माहिती जास्त जपतो. हे दोन नियम एकमेकांना धरून आहेत.

मोबाईल हरवला तर?

दुकानाचा मोबाईल म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांची वही. तो हरवला तर त्याच तासात या गोष्टी करा: सिम बंद करून त्याच नंबरचं नवीन सिम काढा आणि दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करा, म्हणजे जुन्या फोनवरचं बंद होतं. बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पोलिसांत तक्रार नोंदवा आणि ती जोडून संचार साथी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करायची विनंती करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

आणि मग गिऱ्हाइकांना कळवा: "दुकानाचा मोबाईल हरवला आहे. माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका." हा मेसेज टाकायला लाज वाटते, मला माहिती आहे. पण तुमच्या नावाने गिऱ्हाइकाला कोणी फसवलं आणि तुम्हाला आधीच माहीत होतं हे त्याला नंतर कळलं, तर तो परत येत नाही. आज मोबाईलमध्ये व्हॉट्सॲपचा ६ आकडी टू-स्टेप पिन लावून ठेवलात तर ही वेळ आली तरी निम्मी चिंता कमी होईल.

"मग मार्केटिंग कसं करायचं?"

हा प्रश्न येणारच. समजा तुमच्याकडे ५०० नंबर आहेत आणि त्यातल्या ८० जणींनीच ऑफरला हो म्हटलंय. मग त्या ८० वर लक्ष द्या. त्यांना नावाने मेसेज जाईल, त्यांच्या आवडीचा रंग आला की फोटो जाईल, त्या उत्तर देतील. बाकी ४२० जणींना ढकललेला मेसेज न बघताच पुसला जातो, आणि वर तुमचं नाव "त्रास देणारं दुकान" म्हणून पक्कं होतं. विकत घेतलेली यादी तर नकोच. त्यातल्या एकानेही तुम्हाला नंबर दिलेला नाही.

आणि ज्या बाईने नाही म्हटलं आणि तुम्ही खरंच मेसेज पाठवला नाही, ती दिवाळीला पुन्हा दुकानात येते तेव्हा बऱ्याचदा स्वतःच म्हणते, "आता पाठवत जा." असा मिळालेला नंबर कोणतीही यादी विकत घेऊन मिळत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

आज: काउंटरवरच्या सगळ्या वह्या बघा आणि उघड्या असतील त्या ड्रॉवरमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपची "लिंक्ड डिव्हायसेस" तपासा आणि टू-स्टेप पिन लावा.

उद्या: कॉम्प्युटर आणि मोबाईलमधल्या ग्राहकांच्या जुन्या फाईल्स पुसा. बिलं सोडून.

रविवारी: सात ओळींचे नियम लिहा. घरच्यांना आणि कामगारांना वाचून दाखवा. कुठे अडतंय ते तेच सांगतील. मग पाटी छापायला द्या. पाटी होईपर्यंत साध्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून लावली तरी चालेल.

पुढच्या व्हिडिओत पावतीपुस्तकाचा तो दोन चौकोनांचा नमुना दाखवणार आहे. तोपर्यंत तुमची पाटी तयार करून ठेवा.

भेटू लवकरच. धंदा वाढवा आणि माणसं जपा!